विषय : पापणीच्या शस्त्रक्रियेआधी व नंतर कॉर्निया न तपासल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सौंदर्य शस्त्रक्रिया केंद्र, पणजी, गोवा

महोदय,

आपल्या केंद्रात माझ्या आईच्या दोन्ही वरच्या पापण्यांची जादा त्वचा काढली. टाके स्वच्छ भरले, वण दिसतही नाही. तक्रार आहे ती पापणीआडच्या कॉर्नियाबद्दल, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याबद्दल. तो आपल्याकडे कोणीच पाहिला नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर व डोळे तपासणारा) आहे, म्हणून नेमके लिहितो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून मिळतो आणि तो थर पसरतो पापणीच्या उघडझापीने. त्वचा गरजेपेक्षा जास्त कापली किंवा पापणी मिटवणारा स्नायू दुबळा झाला, की झोपेत फट राहते आणि कॉर्नियाचा खालचा भाग सुकतो. गोव्यात रात्रभर पंखा चालतोच, त्याने भर पडते. आईला सकाळी उठताच वाळू गेल्यासारखे खुपते, दुपारपर्यंत कमी होते. फ्लुरोसीन हा रंग डोळ्यात घालून निळ्या उजेडात पाहिले तर नेमका खालचाच पट्टा हिरवा दिसतो, म्हणजे तिथला पृष्ठभाग सुकून दुखावला आहे. झोपेतली फट ३ मिमी आहे.

आपल्या अर्जावर आईने ‘कृत्रिम अश्रूंचे थेंब चालू’ असे स्पष्ट लिहिले होते. तेवढ्यावरून अश्रू किती येतात हे मोजणारी शर्मर चाचणी व्हायलाच हवी होती. कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटे थांबायचे; १० मिमीपेक्षा कमी भिजली तर सावध व्हायचे, ५ मिमीपेक्षा कमी असेल तर शस्त्रक्रियेचा पुन्हा विचार करायचा. भुवई आणि पापणीची कड यांच्यामध्ये साधारण २० मिमी त्वचा राखतात. ते माप केसपेपरवर नाही. रक्तदाब, साखर आणि फोटो मात्र आहेत.

सूज असेपर्यंत पापणी पुरती न मिटणे अपेक्षित असते, हे मान्य. पण तोवर डोळा जपावा लागतो : दिवसा प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब, झोपताना मलम, गरज पडल्यास पापणी मिटून ठेवायला टेप. आपल्या पत्रकात फक्त ‘थोडा कोरडेपणा वाटेल, काळजी नको’ असे आहे. फोनवरही तेच उत्तर. दुखणे, उजेड सहन न होणे, नजर धूसर होणे ही त्याच दिवशी डोळा दाखवण्याची लक्षणे आहेत. सुकलेल्या कॉर्नियात जंतू शिरले तर व्रण होतो. तो बरा झाला तरी पांढरा डाग राहू शकतो. हेच पत्रक आजही रुग्णांच्या हाती पडते आहे, याची मला जास्त काळजी वाटते.

पॅकेजमधल्या चष्म्याचा नंबर टाके काढताच घेतला. पापणीचा भार बदलला की कॉर्नियाची वक्रता बदलते, सिलिंडर नंबर (चष्म्यातला तिरकस वक्रतेचा नंबर) हलतो. निदान तीन महिने थांबायला हवे होते. तो चष्मा आईला चालत नाही.

शस्त्रक्रियेच्या नोंदींसह सर्व कागद ७२ तासांत द्यावेत. नियम तसाच आहे. बाहेरच्या कॉर्नियातज्ज्ञांकडील उपचारांचा आणि नव्या चष्म्याचा खर्च द्यावा. पत्रक तत्काळ बदलावे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
रुग्णाचा मुलगा, म्हापसा