खंडेनवमीच्या आधी ग्राइंडरची तपासणी : रविवारी सकाळी ९ ला

सर्व सभासदांना नमस्कार.

खंडेनवमीला मशिनींना हार घालायच्या आधी आपण सगळे शॉप धुऊन-पुसून काढतो. यंदा त्यात बेंच ग्राइंडरही बघून घेऊ. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता उद्यमनगरातल्या आपल्या नेहमीच्या शेडमध्ये जमायचं आहे. प्रत्येक शॉपमधून मालक आणि एक ऑपरेटर, दोघांनी यावं. नुसता मालक आला तर उपयोग नाही, ग्राइंडरचं घासायचं चाक तो बसवत नाही.

येताना शॉपमधलं एक चाक घेऊन या. बोटावर किंवा दांड्यावर टांगून लाकडी मुठीने हलकं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. ते तिथंच फोडून टाकू, परत कोपऱ्यात ठेवायचं नाही.

तोपर्यंत एवढं करा :

– टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाकातली फट ३ मिमीच्या वर नको.
– चाकावर लिहिलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) मोटरच्या आरपीएमपेक्षा कमी नसावा.
– नवं चाक बसवलं की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरवा.
– लेथ, ड्रिलवर हातमोजे नकोत. चिपा (धातूचा कीस) हुकाने ओढा.
– चकची (लेथ-ड्रिलच्या पकडीची) चावी हातातून सुटली की थेट खुंटीवर. माझ्याकडे खुंटी ठोकल्यापासून सकाळची शोधाशोध थांबली, आणि चावी चकात विसरायचंही.

सेफ्टी चष्मा स्वतःचा आणा. चहा आहे.