उरलेल्या भाकरी आणि भांडी घासणाऱ्यांची मजुरी

सर्व भगिनींना नमस्कार.

काल रात्री शेड बंद करताना कचऱ्याच्या बादलीत ज्वारीच्या अकरा भाकरी दिसल्या. मन फार खट्टू झालं. पहाटे साडेचारला चूल पेटवून, कढत पाण्यात पीठ मळून आक्कांनी त्या थापल्या होत्या. त्यांच्या तळव्यांची सालं निघालीत, हे आपण रोज बघतो. ज्वारीचं पीठ गव्हासारखं चिकट नसतं. मळून ठेवलं की भाकरीला कडेनं चिरा जातात. म्हणून ऑर्डर जास्तीची सांगू नका. खानापूर आणि शहापूरच्या ऑर्डरचा पक्का आकडा आदल्या रात्री आठपर्यंत ग्रुपवर टाकाच. भाकरी उरल्याच तर दुपारी दोनच्या आत बस स्टँडजवळच्या हमालांना द्यायच्या. फेकायच्या नाहीत.

दुसरं. भांडी घासणाऱ्या दोघींना भाकरी थापणाऱ्यांपेक्षा तासाला कमी पैसे का, असं मागच्या मीटिंगला एकीनं विचारलं. मला तरी याचं उत्तर देता आलं नाही. राखेनं घासलेल्या परातीशिवाय सकाळचं पीठ कुठे मळणार? १९५९ साली मुंबईत सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तिथं काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण मानली जाते. आपणही १ तारखेपासून दोन्ही कामांना एकच दर देऊ.

गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं तर ज्वारीचा आणि सरपणाचा भाव सांगा, पण मजुरीतून सूट देऊ नका.

हिशेबाची वही रविवारी चार वाजता उघडू. थापणाऱ्या, घासणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या, सगळ्यांनी यायचंय.