आकडा झाला, आता काय?

पुणे, 14 सप्टेंबर 2025

प्रिय नंदू,

परवा रात्री साडेअकराला तू ती एक्सेल शीट पाठवलीस आणि खाली दोनच शब्द, "झाला आकडा." मी नुसता अंगठा पाठवला. काल फोनवर मात्र विचारलंस, "अव्या, खरं सांग, नोकरी सोडल्यापासून दिवसभर करतोस काय?" तेव्हा वैशाली शेजारी भाजी निवडत होती, म्हणून "मजेत" म्हणून वेळ मारून नेली. आज ती भिशीला गेलीय. तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

आधी तुझी शीट, नोकरी सोडायला किती पैसे पुरतील त्याची. वर्षाचा खर्च दहा लाख, त्याच्या पंचवीस पट म्हणजे अडीच कोटी, आणि पहिल्या वर्षी चार टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची. हा हिशेब विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने 1994 मध्ये मांडला, तोही तिथल्या बाजाराच्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. आपण सत्तेचाळीसचे. आपल्याला चाळीसेक वर्षं काढायचीत, इथल्या महागाईत. मी पस्तीस पटीवर थांबलो. तेही काही वेदवाक्य नव्हे, पण त्यावर मला झोप लागते. शिवाय तीन वर्षांचा खर्च एफडीत ठेव. 23 मार्च 2020 ला शेअर बाजाराचा निफ्टी 7,610 वर बंद झाला, जानेवारीत तो बारा हजारांच्या वर होता. तू तेव्हा "सेल लागलाय" असा मेसेज केला होतास. दर एक तारखेला पगार जमा होत होता म्हणून तो विनोद सुचला. पगार नसताना तेवढ्या भावात म्युच्युअल फंडाची युनिट विकून किराणा भरायची वेळ आली असती तर कोणाला हसू आलं असतं? आणि मेडिक्लेम. कंपनीची पॉलिसी राजीनाम्याबरोबर जाते. तुला शुगर आहे, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेव्हा स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढ. पैशाचं एवढंच. बाकी शीट माझ्यापेक्षा देखणी आहे, ते रंग कशाला भरलेस कळलं नाही.

आता मुद्द्याचं. परवा बाबांचं श्राद्ध झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दर वर्षीप्रमाणे आल्या आणि दर वर्षीप्रमाणे म्हणाल्या, "तुझ्या वडिलांमुळे माझी एफडी वाचली." तुला आठवत असेल, बाबांनी 2001 मध्ये बँकेतून व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा नोकरीच्या उरलेल्या महिन्यांचा पगार, यात जे कमी असेल ते. देशभरातल्या सरकारी बँकांमधून तेव्हा लाखभर माणसं बाहेर पडली. बाबा त्रेपन्नचे होते. पहिले आठ महिने ते रोज सव्वानऊला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पेन खिशाला लावून हॉलमध्ये पेपर वाचत बसायचे. साडेबारा वाजले की आईला विचारायचे, "डबा झाला का?" पोळ्या तव्यावर असायच्या आणि हे डबा म्हणायचे. मला तेव्हा हसू यायचं. मग एक दिवस या काकू पिशवीभर पावत्या घेऊन आल्या. काका गेल्यावर खात्यावर नाव चढवायचं राहिलं होतं. तिथून जे सुरू झालं ते शेवटच्या आजारपणापर्यंत चाललं. वारस नोंदी, हरवलेल्या पावत्या, मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवी. बाबांनी हे ठरवून काहीच केलं नव्हतं. आठ महिने वाट बघत बसले होते, एवढंच.

मी मात्र सगळं ठरवून बाहेर पडलो होतो. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये माझ्याकडे बारा कलमांची यादी होती: मोडी शिकायची, हरिश्चंद्रगड पुन्हा करायचा, पोहायचं, वगैरे. मोडीचा क्लास तीन आठवडे केला. गड एका शनिवार-रविवारात झाला, तो नोकरीत असतानाही झालाच असता. आणि मग मंगळवार यायचे. सोमवारी कसं, लोक कामाला गेले आणि आपण नाही गेलो याचा आनंद असतो. मंगळवारी सकाळी दहाला, धुणं वाळत घालून झाल्यावर, घरात जी शांतता असते तिची तयारी मी केलीच नव्हती. हिंजवडीच्या ट्रॅफिकला मी वीस वर्षं शिव्या दिल्या, आणि ऑगस्टमध्ये एकदा उगाच गाडी काढून वाकडच्या पुलापर्यंत जाऊन आलो. हे वैशालीला माहीत नाही. तिला माहीत आहे ते डब्यांचं. मी स्वयंपाकघरातले सगळे डबे वापराच्या वारंवारतेनुसार लावले आणि त्यावर लेबलं चिकटवली. संध्याकाळी कॉलेजातून येऊन ती पाच मिनिटं हिंग शोधत होती. मग शांतपणे म्हणाली, "अविनाश, तुला टीम हवी असेल तर बाहेर शोध." पूर्ण नावाने हाक मारली की काय समजायचं ते तुला ठाऊक आहे.

दुसरं कोणी सांगत नाही ते ऐक. मोकळा माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. "तुम्हाला काय, वेळच वेळ" असं म्हणत सोसायटीने मला सेक्रेटरी केलं. मावशीचं मोतीबिंदू, भाच्याची अॅडमिशन, शेजाऱ्यांचा गॅस सिलिंडर, सगळं माझ्याकडे. काही कामं मी मनापासून करतो. पण नाही म्हणायला आधी "मीटिंग आहे" हे पुरायचं, आता नुसतं नाही म्हणावं लागतं. ते मला अजून जमत नाही.

पेटीचं तुला अर्धवट सांगितलं होतं. आजीची बाजाची पेटी, जिच्यावर आपण गणपतीत आरत्या बडवायचो, ती नोव्हेंबरमध्ये शनिवार पेठेतल्या एका कारागिराकडे टाकली. आणायला गेलो तर झाली नव्हती, म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा बसलो. आता आठवड्यातून चार सकाळी जातो. तिथे सगळे त्यांना काका म्हणतात. पेटीतला सूर म्हणजे एक पितळी पत्ती, एका टोकाला रिव्हेटने बसवलेली. सूर चढवायचा तर मोकळ्या टोकाकडे हलकेच खरवडायचं, उतरवायचा तर बुडाकडे. ऐकायला सोपं आहे. दोन पत्त्या एकत्र वाजवल्या आणि त्या जुळत नसल्या की वाँव-वाँव अशी लहर येते. जुळत गेल्या की ती लहर संथ होते आणि मग थांबते. ती थांबते तो क्षण मला आता दहातून सातदा पकडता येतो. पहिल्या महिन्यात मी एक पत्ती इतकी घासली की ती तुटलीच. गुजरातेतल्या पालिताण्याची जुनी पत्ती होती. काकांनी तुकडा उचलून डबीत टाकला आणि म्हणाले, "घाई कुठे जायची?" मला खरंच उत्तर देता येईना.

जानेवारीत त्यांनी मला एका पेटीचे तीनशे रुपये दिले. घरी येऊन मी ते शीटमध्ये "इतर उत्पन्न" म्हणून टाकले, मग लाज वाटून ती ओळ पुसली. पण मी त्यांना म्हणालो, "मी फुकट करतो की, मला गरज नाही." त्यावर ते दुखावले. मला समजायला आठवडा लागला. त्यांचा मुलगाही हेच काम करतो, त्याचं घर यावर चालतं. मी फुकट सूर लावून द्यायला लागलो तर माझ्या छंदाची किंमत तो भरणार. आता मी त्यांच्या दराने पैसे घेतो आणि स्वतःचं गिऱ्हाईक घेत नाही. आपल्यासारखी पोटाची चिंता मिटलेली माणसं उत्साहाने कुठेही घुसतात, क्लास फुकट, सल्ला फुकट, आणि त्याच गल्लीत दुसरा कोणी त्यावर पोट भरत असतो. तू निवृत्तीनंतर फुकट करिअर गायडन्स करणार म्हणालास तेव्हा मी गप्प बसलो, ते यासाठी.

हेच आयुष्यभर करणार का? माहीत नाही. माझे कान किती वर्षं साथ देतील हाही प्रश्नच आहे. सध्या सकाळी जायला एक जागा आहे आणि मी नाही गेलो तर काका फोन करून "आज काय झालं?" विचारतात. मंगळवारीसुद्धा.

म्हणून राजीनामा आत्ता टाकू नकोस. पितृपंधरवडा आहे म्हणून नव्हे, जरी माझ्या आईने तेच कारण दिलं असतं. आधी सहा आठवडे बिनपगारी रजा माग. लडाखला जाऊ नकोस, गोव्याला जाऊ नकोस, बंगळूरमध्ये घरात राहा. मुलं शाळेत आणि सुजाता ऑफिसात गेल्यावर दहा ते पाच तू स्वतःशी कसा वागतोस ते बघ. कंपनीने रजा नाकारली तर तीही माहितीच आहे. डबे लावू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा तुझ्या आईची पेटी घेऊन ये. काळी दोनचा सूर बसलाय म्हणत होतास ना? तिथे कोणाला हात लावू देऊ नकोस. उद्यान एक्सप्रेसने आलास तर ती वरच्या बर्थवर ठेव, खाली पाणी सांडलं की भाता गेला.

वैशाली आली वाटतं, लिफ्ट वाजली.

तुझा,
अव्या

ता.क. शीटमध्ये नॉमिनीचा रकाना नाही. सुजाताला यातलं काय काय माहीत आहे?