डब्लिनची सारा ऑलगुड

प्रिय आत्या,

तू विचारलंस ना डब्लिनला नाटकं होतात का, अगं होतात म्हणजे काय, इथलं ॲबी थिएटर 27 डिसेंबर 1904 ला सुरू झालं आणि पहिल्याच रात्री लेडी ग्रेगरीच्या कॉमेडीत जी बाई होती ना सारा ऑलगुड, तिच्याबद्दल वाचतोय सध्या. बाप लवकर गेला, भावंडांसकट अनाथाश्रमात, मग सोफ्याखुर्च्यांना कापड लावायचं काम शिकायला धाडली आणि हीच पुढे ॲबीची स्टार. 1907 ला सिंजच्या नाटकात सारा विधवेच्या रोलमध्ये आणि सख्खी बहीण मॉली हिरॉईन, लोकांनी एवढा गोंधळ घातला की डायलॉग ऐकू येईनात, थिएटरात पोलीस आले, तरी रोज प्रयोग केलाच. मला तर घामच फुटला असता!

1916 ला ऑस्ट्रेलिया टूरवर गेली, तिथेच बरोबरच्या नटाशी लग्न केलं आणि 1918 मध्ये आधी मुलगी जन्मून लगेच गेली आणि वर्ष संपायच्या आत फ्लूच्या साथीत नवराही. काय बोलणार.

आणि तरी 1924 ला तिने जूनो उभी केली, शॉन ओकेसीचं नाटक, डब्लिनच्या चाळीतलं कुटुंब, बाहेर यादवी चाललेली, पोराचा एक हात गेलेला, नवरा असला की कामाचं नाव काढलं की पाय दुखायला लागतात (नाव घेत नाही पण आपल्याकडे पण आहेत असे 😄), सगळा संसार हिच्या डोक्यावर. हिचकॉकने 1930 ला त्याचा सिनेमा केला त्यात जूनो तीच आहे, सिनेमा खरं सांगू तर नाटकाचं शूटिंग केल्यासारखा आहे, पण शेवटी पोरगा गेल्यावर ती एकटी बोलते तेवढ्यासाठी तरी बघच.

नंतर हॉलिवूड, तिथे 1941 च्या सिनेमात वेल्सच्या खाणकामगाराच्या घरातली आई केली, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, अवॉर्ड मेरी ॲस्टरला. पुढे बहुतेक स्वयंपाकीण नाहीतर घरमालकीण असलेच रोल. जूनो केलेल्या बाईला! चीड येते. 1950 ला कॅलिफोर्नियातच गेली.

जूनोची लिंक दादाला पाठवलीये, टीव्हीवर लावून घे, आवाज जरा खराब आहे. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
बंटी