सातवीचं गणित हाती घेण्याआधी

चाळीसगाव,
2 जून

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. यंदा सातवीचं गणित तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. तू लिहिलंस, "तुझं वार्षिक नियोजन पाठव, तेच उतरवून घेते." पाठवते, पण उतरवून घेऊ नकोस. त्या तक्त्यात महिने आणि प्रकरणं दिसतील. कुठे थांबायचं आणि का, ते त्यात दिसणार नाही. म्हणून हे लांब पत्र.

आधी दिवस मोज. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात 220 दिवस आहेत, म्हणजे रोज एक धरली तर गणिताच्या 220 तासिका. मी गेल्या वर्षीची टाचणवही उघडून मोजल्या तर प्रत्यक्ष शिकवल्याच्या 158 भरल्या. चाचण्या, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सर्वेक्षणाची कामं यांत बाकीच्या गेल्या. शिवाय आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, तेव्हा वर्गातली पाच-सहा मुलं शेतात असतात. पुस्तकात पंधरा प्रकरणं आहेत. ती सरळ वाटून टाकली तर प्रत्येकाला दहा तासिका येतात. पहिल्या वर्षी मी तेच केलं, आणि मुलं आठवीत अवयव पाडायला बसली तेव्हा त्यांना काहीच येत नव्हतं. प्रकरणं सगळी झाली होती, सह्या झाल्या होत्या.

आता मी सातवीचं वर्ष एकाच कामासाठी धरते: मुलाला अंकगणितातून बीजगणितात नेणं. पूर्णांक, परिमेय संख्या, बैजिक राशी, समीकरणं आणि वर्गविस्तार यांना मिळून नव्वद तासिका, बाकी सगळ्याला उरलेल्या. भूमिती मी कमी लेखत नाही. पण रचना आणि वर्तुळ मुलं हाताने करतात, त्यात त्यांना लवकर गती येते. अवघड घटकांच्या मधे मी ती विसाव्यासारखी ठेवते.

जूनमध्ये पुस्तक उघडू नकोस. पहिल्या दोन दिवसांत पाच प्रश्न दे, गुण नकोत. पहिला हा: 8 + 4 = □ + 5. माझ्या वर्गात बहुतेकांनी चौकटीत 12 लिहिलं, काहींनी 17. एका मुलीने 7 लिहिलं आणि मग खोडून 12 केलं. अमेरिकेतल्या, 1999 साली छापलेल्या एका अभ्यासात हाच प्रश्न सहावीच्या मुलांना विचारला होता, तिथेही उत्तरं 12 आणि 17 हीच. मुलं 'बरोबर' या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असा घेतात. त्यांच्या वहीत 12 + 7 = 19 × 2 = 38 असं बघशील, तेही याचमुळे. ज्याला हे चिन्ह म्हणजे दोन्ही पारडी सारखी असं वाटत नाही, त्याला समीकरण कितीही शिकवलं तरी ती नुसती हातचलाखी होते. म्हणून मी जूनचे शेवटचे आठ दिवस यावरच घालवते. 15 = 9 + 6 असं उलटं लिहायचं, 7 + 6 = 8 + □ बेरीज न करता सांगायचं. "आठ एकाने मोठे, म्हणून चौकटीत एकाने लहान" असं कुणी म्हणालं की समज, वाट सापडली.

दुसरा प्रश्न 19 − 3 + 6. उत्तर 10 आलं तर दोष मुलांचा नाही, 'कंचेभागुबेव'चा (कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमाचा) आहे. त्यात 'बे' आधी आणि 'व' नंतर येतो, म्हणून मूल आधी 3 + 6 करतं. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीच्या, डावीकडून क्रमाने करायच्या, हे आपण तोंडी सांगतो, पण त्या शब्दाचा ठेका जास्त लक्षात राहतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी सहावीच्या मुलांबरोबर काम करताना यासाठी 'पदां'चा आधार घेतला होता. पदावलीतलं प्रत्येक पद चिन्हासकट चौकटीत घालायचं: +19, −3, +6. आता कोणतीही दोन आधी घे, 22च येणार. मग 5 + 3 × 4 दे. चौकटी दोनच पडतात, +5 आणि +3 × 4. मुलाने स्वतः चौकट आखली की तो 8 × 4 करायला जात नाही. आणि खरा लाभ ऑक्टोबरात होतो. 4 च्या जागी न लिहिलं की 5 + 3न, आणि त्याचे 8न का होत नाहीत हे मला सांगावं लागत नाही. त्यांनी जुलैतच ते बघितलेलं असतं.

उरलेले तीन प्रश्न असे: −7 आणि −2 यांत मोठी संख्या कोणती, 1/2 + 1/3 किती, आणि एक वही न रुपयांची तर पाच वह्या किती रुपयांच्या. तिसऱ्यावर मुलं "बाई, न म्हणजे किती?" किंवा "बाई, न दिलाच नाही" म्हणतील. ते लिहून ठेव, नोव्हेंबरात तेच त्यांना दाखव.

पूर्णांकांना घाई करू नकोस. आपल्या भाषेत तर ते फार जवळचे आहेत. धन आणि ऋण हे शब्द ब्रह्मगुप्ताने 628 साली असेच, संपत्ती आणि कर्ज या अर्थाने नियमांत वापरले होते. मी वाण्याचं खातं काढते. खिशात 20 रुपये, उधारी 50, म्हणजे −30. वाण्याने 10 माफ केले, म्हणजे कर्जातून कर्ज काढून घेतलं: −30 − (−10) = −20. माफी म्हणजे मिळकत, हे मुलांना लगेच पटतं. गुणाकाराला मात्र उधारीची गोष्ट ओढून ताणून लावू नकोस. ऋण गुणिले ऋण धन का, याला मी फळ्यावर क्रम लिहिते: −3 × 2 = −6, −3 × 1 = −3, −3 × 0 = 0. प्रत्येक पायरीला उत्तर 3 ने वाढतंय. आता पुढची ओळ त्यांनीच सांगायची. "ऋण ऋण धन" ही ओळ मी आधी कधीच म्हणत नाही. ती बेरजेतही घुसते आणि मग −4 − 5 = 9 येतं.

ऑगस्टमध्ये मसावि-लसावि आणि परिमेय संख्या, पोळ्याच्या आसपास घातांक. यात तुला माझी गरज नाही, फक्त अपूर्णांक कच्चे राहू देऊ नकोस. समीकरणात अडणारी निम्मी मुलं क्ष मुळे अडत नाहीत, छेदामुळे अडतात.

बैजिक राशी मी मुद्दाम दिवाळीच्या आधी, कापसाची मुलं हजर असतानाच घेते. आणि इथे माझी एक चूक सांगते, ती तू करू नकोस. मी 3अ + 2ब शिकवताना "अ म्हणजे आंबा, ब म्हणजे बोर, आंब्यात बोर मिसळत नाही" असं सांगायची. मुलं खूश, उत्तरं बरोबर. पण पुढे अ = 20 आलं की तीच मुलं गप्प. आंबा वीस कसा होणार? अक्षर हे वस्तूचं नाव नाही, ते संख्येसाठी आहे: आंब्याची किंमत, आंब्यांची संख्या. दोन वर्षं मी मुलांना हे चुकीचं शिकवलं, याची रुखरुख मला अजून आहे.

आता मी काड्यापेटीच्या काड्यांनी सुरुवात करते. एकाला एक चिकटून चौकोनांची ओळ: एकाला 4 काड्या, दोनांना 7, तीनांना 10. शंभर चौकोनांना किती? मोजता येत नाही, म्हणून विचार करावा लागतो. कुणी म्हणतं, पहिली उभी काडी आणि मग प्रत्येकाला तीन: 1 + 3न. कुणी आडव्या आणि उभ्या वेगळ्या करतं: 2न + (न + 1). कुणी पहिला चौकोन पूर्ण धरतं: 4 + 3(न − 1). तीन राशी वेगळ्या दिसतात आणि काड्या तर तेवढ्याच. मग सजातीय पदं एकत्र करण्याला कारण मिळतं. त्या तासाला मी फार कमी बोलते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ठिपक्यांची रांगोळी: 4 × 4 ठिपक्यांची 5 × 5 करायला किती ठिपके वाढवायचे? नऊ. न × न ला 2न + 1. हीच रांगोळी फेब्रुवारीत वर्गविस्ताराला परत काढ. 7 × 7 ठिपक्यांच्या आडव्या आणि उभ्या ओळी 5 आणि 2 मध्ये खडूने विभागल्या की 25, 10, 10, 4 असे चार तुकडे दिसतात. जी मुलं 25 + 4 म्हणत होती ती उरलेले वीस ठिपके स्वतःच दाखवतात.

समीकरणं नोव्हेंबर-डिसेंबरात. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य वर्षभर तोंडातून काढू नकोस. त्यानेच 3क्ष = 12 वरून क्ष = 12 − 3 येतं. दोन्ही बाजूंना तेच करायचं आणि तेही लिहून दाखवायचं, एवढंच. तराजू सुरुवातीला हवाच. पण ऋण संख्या पारड्यात बसत नाही, त्यामुळे आठवड्याभरात तो बाजूला ठेव. वेचणीहून परतलेल्या मुलांना मी त्यांचंच गणित देते: 14 किलो वेचला, दर माहीत नाही, 20 रुपये उचल कापून हातात इतके मिळाले. ती उलट हिशोब तोंडी, वर्गातल्या कुणाहीपेक्षा आधी करतात. फक्त तो लिहायचा कसा, ते मी दाखवते. त्याला लागूनच समप्रमाण आणि सरळव्याज घे.

डिसेंबरची सहल आमची पाटणादेवीला असते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढल्याचा 1207 सालचा शिलालेख तिथल्याच पाटणचा आहे. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक' अशी नावं आहेत. आपल्या तालुक्यात आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी 'क्ष'ला 'जेवढं तेवढं' म्हणून शिकत होतं, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

जानेवारीत क्षेत्रफळ आणि पायथागोरस, मार्च पूर्ण उजळणीला. उजळणीतही जूनचे पाच प्रश्न पुन्हा दे.

तक्ता सोबत जोडलाय. तुझ्याकडे ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर ती कधी निघतात ते विचारून घे आणि बैजिक राशी त्याच्या आधी सरकव. जून संपला की पहिल्या प्रश्नाची उत्तरं मला कळव, 12 किती आणि 17 किती. आणि 7 लिहून खोडणारं कुणी सापडलं तर त्याचं नाव आवर्जून लिही.

काकूंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझीच,
मीरा