जोडपदवी आहे, पण जोड कुठे आहे?

संपादक महोदय,

गणित आणि संगणकशास्त्र हे दोन्ही विषय मिळून असलेल्या पदवीच्या मी तिसऱ्या वर्षाला आहे, शेवटचे सत्र सुरू आहे. ‘प्रोग्रॅमिंगला एवढे गणित लागतेच कुठे?’ हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला आहे. त्याचे उत्तर द्यायला हे पत्र नाही. लागते, एवढेच सांगते. माझी तक्रार वेगळीच आहे. दोन विषय एकत्र शिकवतो असे माहितीपत्रकात लिहिलेले असते, प्रत्यक्षात मात्र ते शेजारी शेजारी शिकवले जातात. भिंत तशीच राहते आणि ती ओलांडायचे काम विद्यार्थ्यावर सोडलेले असते.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एक अगदी साधा लूप लिहिला होता. शून्यापासून सुरुवात करायची, दर फेरीला ०.१ मिळवायचे, उत्तर १ झाले की थांबायचे. दहा फेऱ्यांचे काम. तो थांबलाच नाही! आकडे स्क्रीनवरून धावत राहिले आणि मी वेड्यासारखे कंस नि अर्धविराम तपासत बसले. सर आले, ‘दशांश अपूर्णांकांची अशी बरोबरी तपासायची नसते’ म्हणाले, एक ओळ बदलून दिली आणि पुढच्या मशीनकडे गेले. मीही तो नियम वहीत उतरवून घेतला.

त्या ‘नसते’मागचे कारण मला सहा महिन्यांनी सापडले, तेही संख्या सिद्धांताच्या तासाला. अतिसंक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तरच त्याचे दशांश रूप संपते, हे आपण शाळेतच शिकलेले असतो. का, तर आपल्या मोजणीचा पाया १० आहे आणि १० चे मूळ अवयव तेवढेच. आता पाया २ घ्या, संगणक त्यातच मोजतो. एक दशांशाच्या छेदातला ५ तिथे उपरा ठरतो. म्हणजे आपल्याला जसे १/३ लिहिताना तीनामागून तीन लिहीत बसावे लागते, तसे यंत्राला १/१० लिहिताना होते. जागा संपली की ते जवळात जवळचा आकडा घेऊन थांबते. दहा वेळा मिळवल्यावर माझ्या मशीनकडे १ नव्हताच, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते. पुढच्या फेरीत ते १ च्या पलीकडे उडी मारून गेले आणि परत कधी फिरकलेच नाही. संख्या सिद्धांत शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर फक्त ‘पाया २ घेतला तर?’ एवढे विचारले असते, किंवा सरांनी शाळेतल्या त्या नियमाची आठवण करून दिली असती, तर मला सहा महिने थांबावे लागले नसते. दोघेही उत्तम शिकवतात, बरे का. फक्त एकमेकांच्या तासाला काय चालले आहे, हे त्यांना माहीत नसते.

एकसामयिक समीकरणे सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीचेही तेच. निश्चयक (समीकरणांतल्या सहगुणकांच्या चौकटीवरून निघणारी एक संख्या) काढा, भागा, उत्तर लिहा, पूर्ण गुण. वीस चलांची समीकरणे याच पद्धतीने सोडवणारा प्रोग्रॅम मी हौसेने लिहायला घेतला आणि मग हिशेब केला. निश्चयकाचा सरळ विस्तार केला तर एकाच निश्चयकात २०! (१ ते २० यांचा गुणाकार) इतकी पदे येतात, म्हणजे १९ आकडी संख्या. सेकंदाला शंभर कोटी पदे उरकणारे यंत्र घेतले तरी सत्त्याहत्तर वर्षे लागतील, आणि असे निश्चयक एकवीस काढायचे. एकेक चल काढून टाकत जाणाऱ्या गाउसच्या लोप पद्धतीत मात्र तीन-साडेतीन हजार गुणाकार-भागाकारांत सगळे आटोपते. गणिताच्या तासाला या दोन्ही पद्धती ‘योग्य’ म्हणून एकापाठोपाठ एक शिकवल्या होत्या. योग्य आणि शक्य यांत फरक असतो, ही गोष्ट भिंतीपलीकडच्या वर्गात कळली.

उलट दिशेनेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रॅक्टिकलला सगळ्या चाचण्या पास झाल्या की आम्ही मोकळे. पण पोल्या या गणितज्ञाने १९१९ मध्ये मांडलेला अंदाज बघा. १ पेक्षा मोठ्या कुठल्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या घ्या, त्यांतल्या निदान निम्म्या संख्यांच्या मूळ अवयवांची एकूण गणती (१२ = २ × २ × ३, म्हणजे तीन) विषम असते, असे त्याचे म्हणणे. हे खोटे आहे, हे १९५८ मध्ये हेझलग्रोव्हने सिद्ध केले. तो अंदाज पहिल्यांदा मोडतो ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी. नव्वद कोटी चाचण्या पास होतात आणि तरीही विधान खोटे! हे उदाहरण मला गणिताच्या पुस्तकात भेटले, पण ते टेस्टिंगच्या पहिल्या तासाला भेटायला हवे होते. दुसरे उदाहरण बायनरी सर्चचे, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग गाळत शोधण्याचे. त्यात मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करतात. यादी फार मोठी असली तर ती बेरीजच २,१४,७४,८३,६४७ च्या, म्हणजे साध्या पूर्णांकाच्या जागेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या, वर जाते आणि उलटून ऋण होते. ही चूक जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तयार लायब्ररीत कित्येक वर्षे बसून होती, २००६ मध्ये उघड झाली.

विगमन (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाणे) आणि रिकर्शन (प्रश्न त्याच्याच लहान रूपावर सोपवणे) ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत, हे मला दुसऱ्या वर्षाच्या शेवटी समजले, त्याबद्दल काय लिहू!

नवा विषय वाढवा असे मी म्हणत नाही, आधीच सबमिशनच्या तारखा एकमेकींवर आदळतात. दोन विभागांच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एक दुपार एकत्र बसून आपापले वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. कुठला धडा कुठल्या प्रॅक्टिकलच्या आधी यायला हवा, ते तिथल्या तिथे दिसेल. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला दोन्हीकडचा एकेक मार्गदर्शक असावा.

हे शेवटचे मी अनुभवाने लिहिते आहे. मूळ संख्या ओळखण्याच्या पद्धतींवर मला प्रकल्प करायचा होता. प्रत्येक मूळ संख्या पाळते असा एक नियम सांगणाऱ्या फर्माच्या छोट्या प्रमेयावर बेतलेली चाचणी ५६१ ला कशी फसते (३ × ११ × १७ असूनही ती मूळ संख्येचे सोंग उत्तम वठवते), तिथून सुरुवात करून २००२ मध्ये अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिलेल्या पद्धतीपर्यंत जायचे. तीत संख्यांऐवजी बहुपदी घेऊन तेच प्रमेय पुढे नेले आहे. ती कधीच फसत नाही आणि बहुपदी वेळात (म्हणजे संख्येतले आकडे वाढले तरी वेळ हाताबाहेर न जाता) निकाल देते, हे सिद्ध झालेले आहे. तरी प्रत्यक्ष वापरात मूळ संख्या ओळखणारी मिलर-रॅबिनची चाचणी तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने चालते. नेमके हेच मला दोन्ही बाजूंनी मांडायचे होते. गणित विभाग म्हणाला, हे प्रोग्रॅमिंग आहे, तिकडे जा. संगणक विभाग म्हणाला, यात सिद्धताच फार आहेत, तिकडे जा.

शेवटी मी दोन प्रकल्प केले. सिद्धता एकीकडे दिल्या, प्रोग्रॅम आणि वेळेची कोष्टके दुसरीकडे. प्रस्तावना मात्र दोन्हींत शब्दशः एकच आहे. ती अजून कोणाच्याही लक्षात आलेली नाही.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, गणित व संगणकशास्त्र