तुला विचारल्याशिवाय फॉर्म भरणार नाही

प्रिय जागू,

मी बरी आहे, घरचे सगळे बरे. आजीचे गुडघे थंडीत धरले होते, ऊन तापायला लागल्यापासून ती पुन्हा ओट्यावर येऊन बसते. खुशाली एवढीच. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे माणसांचा राबता आणि तुझा फोन कायम स्पीकरवर.

तहसीलला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली. आपलं गाव ओबीसी महिला. त्याच संध्याकाळी नानांच्या ओट्यावर बैठक भरली. जिभाऊ, पोपट आबा, सोसायटीचे चेअरमन, तात्यांचा मोठा, सगळे. मी आत नोट्स काढत बसले होते, पेपर तोंडावर आलाय. चहा घेऊन बाहेर गेले तर नाना म्हणाले, "बस बेटा, तुझंच चाललंय."

जागू, त्यांनी सगळ्या बायकांची नावं घेऊन एकेक खोडली होती. काकूचा बंटी २००४ चा, तिसरा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असलं की उमेदवारी बाद, हे आपण पाठ केलेलं, ते त्यांनी वकिलाला विचारून घेतलं. वहिनीची जात पडताळणी तिच्या माहेरच्या कागदांवरून व्हायची, ती कधी केलीच नाही. आक्काचं मतदार यादीतलं नाव सासरी गेलं. उरले मी. एकवीस पूर्ण, बारावीत असताना काढलेली जातीची व्हॅलिडिटी हातात, मतदार यादीत नाव, वर "राज्यशास्त्र घेतलंय पोरीनं". चेअरमन हे असं म्हणाले, जणू तीन वर्षं मी त्यांच्याच पॅनलसाठी शिकत होते. तात्यांच्या मोठ्यानं तर बॅनरचा नमुना मोबाईलवर करून आणलेला. नानांचा फोटो हा एवढा, माझा कोपऱ्यात, दहावीच्या हॉलतिकिटावरचा!

मला लगेच त्या सरपंच ताई आठवल्या. तुलाही आठवतील. आपल्या एफवायच्या प्रकल्पाची प्रश्नावली, त्यांचा तो नवीन सोफा, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारे त्यांचे मिस्टर. तू शेवटी वही मिटून विचारलंस, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" आणि त्या दाराकडे बघायला लागल्या. परतताना एस.टी.त तू चोपड्यापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मी सरांच्या पेपरात पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून अंमल, आपल्या राज्यात २०११ पासून महिलांना निम्म्या जागा, असं सगळं लिहून चांगले मार्क आणले. त्या ताईंबद्दल लिहायला त्या उत्तरात जागाच नव्हती.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

सरपंच आता थेट जनतेतून. २०१७ ला आणलं, २०२० ला काढलं, २०२२ ला परत आणलं, म्हणजे आता सदस्य फोडून भागत नाही, सगळ्या गावाची मतं लागतात. तर हिशेब सुरू झाला. वरची गल्ली आपली, मळ्यातली घरं निम्मी, आणि मग जिभाऊ म्हणाले, "वस्तीची काळजी नको. भाग्यूची आणि त्या जागृतीची किती दोस्ती, पोरगी त्यांच्या घरी जेवलेली आहे. मावशी एकदा बोलली की सगळी मतं हलतील."

मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. मावशीच्या हातची शेवभाजी खाल्ली म्हणून घरात झालेलं महाभारत तुला माहीत आहे. तेव्हा माझ्याशी अबोला धरणारे हेच जिभाऊ. आता ते जेवण त्यांनी मतांच्या खात्यात जमा केलं.

म्हणून मी तुला लिहितेय. कोणाला सांगू दुसरं? आईला सांगितलं तर तिला वेगळीच चिंता, सरपंच झालेल्या मुलीला स्थळ कुठून येणार आणि लग्न झालं तर पद कोण सांभाळणार. पप्पा नानांपुढे बोलत नाहीत. सर म्हणाले, "अशी संधी पुस्तकात मिळत नाही, पण एम.ए.चं विसरू नकोस." दोन्ही एका दमात म्हणाले, घ्या!

आणि जागू, मला उभं राहायचं आहे. हे मी अजून कोणाला म्हटलेलं नाही. मला ती खुर्ची हवी आहे. मला प्रोसिडिंग बुक स्वतः वाचायचं आहे. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, खर्चाला ग्रामसेवक भाऊसाहेबांबरोबर सरपंचाची सही लागते. ती सही मला समजून करायची आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च व्हायला हवेत. आपल्याकडे ते कुठे जातात हे मला कागदावर बघायचं आहे. तुमच्या वस्तीची गटार मारुतीच्या पारापाशी येऊन थांबते, पावसाळ्यात मावशीच्या चुलीपर्यंत पाणी येतं, आणि प्रत्येक ग्रामसभेत "पुढच्या आराखड्यात घेऊ" एवढंच होतं. ग्रामसभा तरी कसली. कोरमला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, आणि सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते हे आपल्या गावातल्या किती बायकांना माहीत आहे? आजीला विचारलं तर ती म्हणाली, "माले कधी कोनी ईचारं का?"

नानांना मी रात्री विचारलं, मी निवडून आले तर पहिलं काम वस्तीच्या गटारीचं घेईन, चालेल? ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. डोक्यावर हात फिरवून म्हणाले, "तू अभ्यास कर बेटा, ते आम्ही बघू." नाना वाईट नाहीत गं. माझी पहिल्या वर्षाची फी त्यांनी कापूस विकून भरली. त्यांच्यासमोर "कोऱ्या कागदावर सही करणार नाही" हे वाक्य उच्चारायचं म्हणजे काय, ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि नाही उच्चारलं तर मी त्या ताईंच्या सोफ्यावर बसलेली असेन.

रूसो म्हणायचा, इंग्रज माणूस मतदानाच्या दिवसापुरता स्वतंत्र असतो. आपण त्यावर किती हसलो होतो, सरांनी वर्गाबाहेर काढेपर्यंत. आता वाटतं, आपल्या बायकांना तो एक दिवस तरी कुठे मिळतो.

आपलं ते भांडणही परत उकरावं लागणार. एसवायची परीक्षा, होस्टेलचा तो रात्रीचा दिवा, आणि तू बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८ चं संविधान सभेतलं भाषण धरून बसलेली, गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं. मी फैजपूर सांगत होते, १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, आणि तेही आपल्या खान्देशात. तू माझ्याच वहीत लाल शाईनं लिहिलंस, "अधिवेशनाला पाणी कोणत्या विहिरीचं होतं ते शोध." ते पान अजून आहे. मी मात्र हरलेली नाही हं. त्याच नोव्हेंबरात, २२ तारखेला, संथानम यांची दुरुस्ती आली आणि ग्रामपंचायतींचं कलम ४० बाबासाहेबांनी स्वीकारलं. त्यांनी गावाला ओळखलं आणि तरी दार उघडं ठेवलं. तू म्हणशील, नाइलाजानं. मी म्हणते, असू दे, दार तर आहे ना. आत कोण जातं आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढाच आता प्रश्न आहे.

आणि तो मी एकटी सोडवू शकत नाही, कारण मतं तुझ्या नावावर मागितली जाणार आहेत. मावशी माझ्याकडे बघून मत देईल. शेजारच्या चार घरांना सांगेल. नंतर गटार तिथेच थांबली तर नानांना कोणी विचारणार नाही, मावशीला विचारतील. म्हणून तू नको म्हणालीस तर मी फॉर्म भरणार नाही. आणि भर म्हणालीस तर प्रचाराला वस्तीत मी एकटी येईन, बॅनर न घेता, आणि काय करू शकेन नि काय नाही ते मावशीसमोर बोलेन. नानांना ते आधी सांगून येईन. घरात काय व्हायचं ते होईल.

तुझं काय चाललंय? तिकडे सुरतेजवळ उधन्याच्या उन्हात तब्येत सांभाळ. ट्यूशनची मुलं वाढली असं मावशी सांगत होती, फार आनंद झाला. राहिलेलं तिसरं वर्ष मुक्त विद्यापीठातून करायचं दाजींनी कबूल केलंय ना? त्यांना म्हणावं, मी विसरलेली नाही. आणि मावशीशी फोनवर गुजराती बोलत जाऊ नकोस, तिनं मला विचारलं, "ही अशी काय बोलते गं?"

जयंतीला तू येशीलच. १४ एप्रिलच्या आधी एक दिवस निघता आलं तर बघ, मिरवणुकीच्या गडबडीत बोलणं व्हायचं नाही. अमळनेरला उतर, मी स्कूटी घेऊन येते. तोपर्यंत नानांना मी "परीक्षा होऊ द्या" एवढंच सांगून ठेवलंय. येताना स्थानिक स्वराज्य संस्थांची तुझी ती जाड वही आण. माझ्यात अधिकार आणि कर्तव्यं आहेत, सरपंचाला पदावरून दूर करण्याची कलमं तुझ्यात आहेत. दोन्ही लागतील.

तुझी,
भाग्यू